थडग्यांवरचा ताळा

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवरून लपवलेल्या पेट्या शोधण्याचा खेळ. त्याच्या नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसलं की समजावं, तिथे काहीही नाही. खरी पेटी आसपास दोन-तीन किलोमीटरच्या आत दडलेली असते, आणि तिचे अक्षांश-रेखांश कोडं सुटल्याशिवाय हाती येत नाहीत. या कोड्यांतही मला सगळ्यांत रसाळ वाटतात ती जुन्या वसाहतकऱ्यांच्या दफनभूमीत रचलेली. चांगला रचनाकार पेटी थडग्यांमध्ये ठेवत नाही. आत फक्त आकडे वाचायचे, पेटी कुंपणाबाहेर.

नमुना म्हणून ओरेगनमधल्या पोर्टलंडची लोन फर दफनभूमी घेऊन मी मनाशी एक कोडं बांधून पाहिलं. जागा मुद्दाम निवडली. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत जाणूनबुजून घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी याच शहराच्या दक्षिणेला, बीव्हरक्रीकजवळ, एक बादली लपवली. आत पुस्तकं, गलोल आणि घेवड्याचा एक डबा. खेळाचं माहेरच ते.

आता कोड्याची कलमं पाहा. ‘इथे पुरलेल्या एसा लव्हजॉयच्या मृत्युसालाचा शेवटचा अंक घ्या’ असं लिहिलं तरी उत्तर येतंच : १८८२, म्हणजे २. पण ही आकड्यांची नुसती वसुली झाली. त्याऐवजी ‘या शहराचं नाव बॉस्टन असावं असं ज्याला वाटत होतं, त्याच्या मृत्युसालाचा शेवटचा अंक घेऊन या’ असं लिहा. अंक तोच, पण आता सोडवणाऱ्याला १८४५ सालात शिरावं लागतं. शहराच्या दोन संस्थापकांपैकी लव्हजॉयला बॉस्टन हवं होतं, पेटीग्रोव्हला पोर्टलंड. १८३५ सालचा तांब्याचा सेंट उडवून निकाल लागला, तीनपैकी दोन डाव. लव्हजॉय हरला, आणि शेवटी न आवडलेल्या नावाच्या गावातच कायमचा विसावला.

दुसरं कलम मला याहून आवडतं : ‘दफनभूमीहून नऊ वर्षांनी थोरलं थडगं शोधा.’ वाचताना घोटाळा वाटतो. पण दफनभूमी १८५५ची, आणि एमर स्टीफन्सला मुलाच्या शेतात पुरलं ते १८४६ साली. मुलाने पुढे जमीन विकली तेव्हा वडिलांचं थडगं सांभाळण्याची अट घातली होती. त्या शेतातल्या एका थडग्याभोवती पंचवीस हजारांवर माणसं जमली.

या खेळात अक्षांश-रेखांशांच्या मिनिटांचे तीन दशांश लागतात. शेवटचा दशांश एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण पावणेदोन मीटरांहून थोडा जास्त फरक पडतो. पहिला चुकला तर एकशेपंच्याऐंशी. त्यामुळे दगडावरच्या शेवाळातला १ आहे की ७, हे बोटाने चाचपून ठरवावं लागतं. एरवी कोण परक्याच्या थडग्यापाशी इतका वेळ उभं राहतं? खेळ न खेळणाऱ्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. त्या मगलांना आपण बहुधा शोकाकुल नातेवाईक वाटत असू.

शहाणा रचनाकार शेवटी ताळा देतो : सगळ्या अंकांची बेरीज करा, एकच अंक उरेपर्यंत करत राहा. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांचा नवाचा ताळाच हा.

माझं शेवटचं कलम दफनभूमीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यासाठी आहे. त्याला ब्लॉक १४ म्हणतात. इथे चिनी मजुरांना पुरत. पुढे अनेकांच्या अस्थी उकरून मायदेशी पाठवल्या गेल्या, सगळ्यांच्या नाही. १९५०च्या दशकात काउंटीने त्या जागेवर इमारत बांधली, नंतर ती पाडली. कलम एवढंच : ‘इथले जुने दगड मोजा.’ उत्तर शून्य. इतर कलमं माणसाला पुस्तकात पाठवतात, हे एकटं जमिनीकडे पाहायला लावतं. आणि जिथे वाचायला अक्षर नाही, तिथेच सोडवणारा सर्वांत जास्त वेळ रेंगाळेल असा माझा होरा आहे.

घरबसल्या ताळ्यावरून हा अंक काढू म्हणाल, तर जमणार नाही. शून्य आणि नऊ यांतला फरक नवाच्या ताळ्याला कळत नाही. तिथे जाऊनच मोजावं लागतं.