आवाज ‘स्वच्छ’ करण्याआधी: ऑडॅसिटीकडे संशोधकाच्या नजरेनं

आज एका सॉफ्टवेअरबद्दल लिहिणार आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ते आधीच लॅपटॉपवर टाकलेलं असेल: ऑडॅसिटी. भाषाविज्ञान असो, लोकसाहित्य असो, समाजशास्त्र असो, मुलाखती रेकॉर्ड करायची वेळ आली की कोणीतरी हेच नाव सुचवतं. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आणि काही बिघडलं की इंटरनेटवर उपाय लगेच सापडतात. माझी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल थोडी आणि या उपायांबद्दल जास्त आहे. हे उपाय चुकीचे नाहीत. ते दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेले आहेत, आणि आपण ते जसेच्या तसे उचलतो.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे मुद्दा पटेल.

माझं काम मराठीतल्या ‘च’ आणि ‘ज’ यांच्या उच्चारांवर आहे. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च आपण एकच अक्षर वापरून लिहितो, पण बोलताना ते वेगळे असतात. ‘सगळं जग’ म्हणताना आणि ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना ज बदलतो, तसंच. हा फरक मोजायचा तर उच्चारातल्या घर्षणाचा आवाज कोणत्या कंप्रतेवर जास्त आहे हे पाहायचं. ‘चाक’च्या च मध्ये ‘स’सारखं घर्षण असतं, म्हणून त्याची ऊर्जा वरच्या पट्ट्यात, ‘चहा’च्या च मध्ये ‘श’सारखं, म्हणून ती तुलनेनं खाली. वय वाढतं तसा हा फरक बदलतो का, हा माझा प्रश्न.

त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात काही आजींना भेटले. मे महिना. पहिल्याच आजींना विचारलं, ‘‘आजी, पंखा बंद करू का जरा?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पंखा बंद केलास तर मी काय बोलायची न्हाई बघ, पोरी.’’ मग पंखा चालूच राहिला. घरी आल्यावर मी उपाय शोधला आणि सगळ्या फायलींमधून पंख्याची घरघर काढून टाकली. ऐकायला इतकं छान वाटलं की विचारू नका. पुढे प्राटमध्ये मोजमापं घेतली, तर काय! आजींच्या बोलण्यात दोन्ही च जवळजवळ सारखेच. तरुणांमध्ये फरक ठळक, ज्येष्ठांमध्ये पुसट. मी परिषदेसाठी गोषवारासुद्धा लिहायला घेतला.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, ‘‘मूळ फायली ऐकल्यास का परत?’’ सहापैकी दोनच मूळ फायली उरल्या होत्या. बाकीच्यांवर मी ‘स्वच्छ’ केलेल्या फायली त्याच नावानं साठवल्या होत्या. त्या दोन मोजल्या, तर फरक व्यवस्थित होता. आजींनी काही गमावलं नव्हतं, मीच पुसून टाकलं होतं. चूक सर्वस्वी माझी.

आता हे झालं कसं, ते पाहू. ऑडॅसिटीतलं ‘नॉइज रिडक्शन’ दोन पायऱ्यांत चालतं. आधी तुम्ही कोणी बोलत नसलेला एक तुकडा निवडता आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबता. त्या तुकड्यात कोणत्या कंप्रतेच्या पट्ट्यात किती आवाज आहे, हे सॉफ्टवेअर नोंदवून घेतं. मग पूर्ण फाइल निवडून परत तोच इफेक्ट लावता. ज्या पट्ट्यातला आवाज त्या क्षणी नोंदवलेल्या पातळीच्या आसपास किंवा खाली असेल, तो पट्टा दाबला जातो. पट्ट्यात आवाज जोरात असेल, तर तो सोडून दिला जातो. स्वर जोरकस असतात, म्हणून वाचतात. पण ‘स’, ‘श’, ‘चाक’च्या च मधला घर्षणाचा भाग, ‘म्ह’, ‘न्ह’मधला श्वास, हे काय आहे? ध्वनीच्या दृष्टीनं तेही घरघरीसारखेच, विखुरलेल्या कंप्रतांचे आवाज. आणि म्हाताऱ्या माणसाच्या हळू बोलण्यात ते पंख्याच्या पातळीच्या फारसे वर नसतात. पंखा कोणता आणि आजींचा ‘स’ कोणता, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? त्याला फक्त पातळी कळते.

इथे ऑडॅसिटीचं एक कौतुक करायलाच हवं. त्याच चौकटीत ‘रेसिड्यू’ नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की उरलेला आवाज न ऐकवता काढून टाकला जाणारा आवाज ऐकवला जातो. मी नंतर त्या दोन फायलींवर तो लावून पाहिला. पंख्याच्या घरघरीत मधूनमधून आजींची कुजबुज ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते, पण ‘स’ आणि ‘च’ ओळखू येत होते. माझा डेटा तिथे पडला होता. हा पर्याय बनवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे समोर ठेवला आहे. पण बहुतेक सूचनांमध्ये त्याचा उल्लेख नसतो किंवा ओझरता असतो. कारण त्या सूचनांचा प्रश्न असतो, ‘श्रोत्याला ऐकायला बरं वाटेल का?’ आपला प्रश्न असतो, ‘जे होतं ते शिल्लक आहे का?’

हा फरक लक्षात ठेवून नेहमीच्या तक्रारी पुन्हा बघा.

पहिली तक्रार: आवाज फाटतो. म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी फार वर ठेवली आणि लाटेची टोकं कापली गेली. सोळा बिटच्या फायलीत एका नमुन्याची किंमत जास्तीत जास्त ३२७६७ असू शकते. त्यापुढचं सगळं सपाट. नेहमीचा सल्ला: आवाज कमी करा किंवा ‘क्लिप फिक्स’ लावा. आवाज कमी केला की ‘शो क्लिपिंग’मधल्या लाल रेघा नाहीशा होतात आणि आपल्याला वाटतं, झालं. पण सपाट टोकं तशीच असतात, फक्त खालच्या पातळीवर. ‘क्लिप फिक्स’ त्या जागी आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजानं वळण काढतं. कानाला बरं वाटतं, पण तो अंदाज आहे, मोजमाप नाही. आवाजाची तीव्रता किंवा पोत मोजणार असाल तर असे तुकडे विश्लेषणातून वगळा आणि वगळले असं प्रबंधात लिहा. त्याहून बरं म्हणजे रेकॉर्ड करतानाच सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. माणूस हसला की आवाज एकदम चढतो, त्याची जागा ठेवा.

दुसरी: आवाज जाड आणि संथ येतो. रेकॉर्डर ४८००० हर्ट्झवर होता आणि फाइल ४४१०० समजून वाजवली गेली, तर असं होतं. दहा मिनिटांची मुलाखत १० मिनिटं ५३ सेकंदांची होते आणि २०० हर्ट्झचा स्वर सुमारे १८४ वर येतो. सल्ला मिळतो की वेग बदलून कानाला बरोबर वाटेपर्यंत जुळवा. असं कधीही करू नका! ट्रॅकच्या मेन्यूतला ‘रेट’ मूळ आकड्यावर आणा. तिथे आणखी एक खाच आहे. ‘रेट’ बदलल्यानं नमुने तेच राहतात, फक्त ते वाजवण्याचा वेग बदलतो. ‘रिसॅम्पल’ केल्यानं नमुनेच नव्यानं काढले जातात. नावं जवळची, परिणाम अगदी वेगळे.

याच्याच जोडीची एक न दिसणारी तक्रार आहे. ब्लूटूथ हेडसेटच्या माइकनं रेकॉर्ड केलंत तर प्रोजेक्टवर ४४१०० दिसेल, पण बऱ्याच हेडसेटकडून आवाज ८००० किंवा १६००० हर्ट्झच्या दरानं येत असतो. नमुन्यांच्या दराच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतच माहिती टिकते, म्हणजे ४००० किंवा ८००० हर्ट्झपर्यंत. माझा अर्धा ‘च’ तिथेच संपला! ट्रॅकवर स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावून पाहा. एका रेषेच्या वर सगळं रिकामं दिसत असेल, तर दराचा आकडा काहीही म्हणो, माहिती तिथवरच आहे. कोणताही इफेक्ट ती परत आणू शकत नाही.

तिसरी: मधेमधे आवाज तुटतो. संगणक दुसऱ्या कामात अडकला किंवा डिस्क मागे पडली की काही नमुने हरवतात. ऑडॅसिटी हे ओळखू शकतं. हरवलेल्या जागी तेवढीच शांतता भरतं, म्हणजे पुढची वेळ सरकत नाही, आणि त्या जागांवर लेबलं लावतं. चांगली सोय आहे. पण तुम्ही वेव्ह फाइल बाहेर काढली की लेबलं प्रोजेक्टमध्येच राहतात, ती वेगळी निर्यात करावी लागतात. समजा, तुम्ही बोलण्यातल्या विरामांवर काम करता आणि फक्त वेव्ह फाइल घेऊन पुढे गेलात. आता संगणकानं भरलेली शांतता आणि माणूस विचार करायला थांबला ती शांतता, दोन्ही तुमच्या तक्त्यात ‘विराम’ म्हणूनच येणार. ओळखायची खूण एकच: खऱ्या खोलीतली शांतता कधीच अगदी शून्य नसते.

चौथी: फाइल उघडतच नाही. ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केल्यावर जे तयार होतं ती ध्वनिफीत नाही, ऑडॅसिटीची स्वतःची वही आहे. प्राट किंवा इलान ती वाचत नाहीत. २०२१ साली ३.० ही आवृत्ती आली, त्याआधी ही वही दोन भागांत असायची: एक छोटी फाइल आणि शेजारी ‘डेटा’चं फोल्डर. आवाज त्या फोल्डरमध्ये. पेनड्राइव्हवर फक्त छोटी फाइल घेतली की आवाज घरीच राहिला. आता सगळं एकाच फायलीत असतं, हे चांगलं झालं. विभागातल्या जुन्या सीडींवरचे प्रोजेक्ट उघडायची वेळ आली, तर मात्र ते फोल्डर आधी शोधा.

आता ऑडॅसिटीवरचा माझा मुख्य आक्षेप. तुम्ही फायलीवर काय काय केलं, याची नोंद ते टिकवत नाही. प्रोजेक्ट चालू असेपर्यंत मागे जाता येतं, इतिहासाची यादीही दिसते. बंद केलं की ती गेली. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून काही इफेक्ट मूळ आवाजाला हात न लावता वरून लावता येतात, पण ‘नॉइज रिडक्शन’ त्यांत नाही. निर्यात केलेल्या फायलीकडे बघून ती मूळ आहे की तीन इफेक्ट लावलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाही नाही. गाणं किंवा कार्यक्रम करणाऱ्याला याची गरज नसते, त्याला शेवटचा आवाज हवा असतो. आपल्याला तो प्रवासही हवा असतो, कारण परीक्षक तेच विचारणार. सॉफ्टवेअर लिहून ठेवत नाही, म्हणून आपण लिहायचं.

मग करायचं काय? मी आता एवढंच करते. रेकॉर्डरमधून आलेली फाइल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिला फक्त वाचण्याची परवानगी ठेवते. काम नेहमी प्रतीवर. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलची तासाची वेव्ह फाइल साधारण ३१८ एमबी होते. आजच्या डिस्कला हे काहीच नाही, त्यामुळे ‘जागा नव्हती’ ही सबब चालत नाही. प्रत्येक प्रतीसोबत एक साधी मजकुराची फाइल: तारीख, आवृत्ती, कोणता इफेक्ट, कोणते आकडे. साफ केलेली प्रत लिप्यंतरासाठी, म्हणजे शब्द कळायला. मोजमाप मात्र मूळ फायलीवर. आणि गावात पोचल्यावर पहिलं मिनिट रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम तिथेच बघायचा, घरी येऊन नाही. सरळ आडव्या रेघांसारखी घरघर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत दिसली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; अनेकदा तेवढ्यानंच ती जाते. पुरुषांचा आवाज बऱ्याचदा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपासच असतो, तिथे ही घरघर सूर मोजण्यात गोंधळ घालते.

शेवटी, नको असलेला आवाज कोणता हे ठरवायची घाई करू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. अशी एखादी ओवी दळताना रेकॉर्ड केलेली असेल, तर फक्त शब्दांवर काम करणाऱ्याला जात्याची घरघर अडथळा वाटेल. ओवीची लय अभ्यासणाऱ्याला तीच घरघर हवी असते, कारण हात ज्या गतीनं फिरतो त्या गतीनं ओळ चालते. तीच फाइल, दोन प्रश्न. आज तुम्ही जे पुसाल ते दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला हवं असू शकतं.

त्या चार आजींकडे मी डिसेंबरात परत गेले. पंख्याचा प्रश्नच नव्हता. तिघी भेटल्या. पंखा बंद करू न देणाऱ्या आजी मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, त्यांचं रेकॉर्डिंग अजून झालेलं नाही. माझ्याकडे त्यांची फक्त ‘स्वच्छ’ फाइल आहे. ती मी वापरलेली नाही, आणि का वापरली नाही ते प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहिलं आहे. तुम्हीही लिहा, लपवू नका.