बॉडी स्कॅन संपल्यावर कुणाला सांगायचं?

(या लेखात आत्महत्येच्या विचारांबद्दल बोललं आहे. आत्ता वाचणं जड जात असेल तर शेवटच्या परिच्छेदातले नंबर आधी बघा. लेख नंतरही वाचता येईल.)

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा फॉर्म भरला. जगणं नकोसं वाटतं का, या प्रश्नापुढे 'कधी कधी' वर टिक केली. उत्तर आलं: पहिली भेट सहा आठवड्यांनी, तोवर सोबतची ऑडिओ फाइल ऐका. ती होती बारा मिनिटांचा बॉडी स्कॅन. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करायची, पोटरी, गुडघा, पोट, छाती असं वर सरकायचं आणि जे जाणवेल ते फक्त बघायचं. खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. कित्येक दिवस मी जबडा आवळून वावरतेय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण फाइल संपली, हेडफोन काढले, तर खोलीत मी एकटीच.

माझं भांडण त्या फाइलशी नाही. सहा आठवड्यांच्या रिकाम्या जागेत ती फाइल भरणाऱ्या विचाराशी आहे.

बॉडी स्कॅन आपल्याला तसा परका नाही. १९७९मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, त्यातला हा सराव. त्याची मुळं विपश्यनेत आहेत, आणि तुमच्याही ओळखीतलं कुणीतरी इगतपुरीला दहा दिवस जाऊन आलं असेल. तिथे गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना शिबिर करू नका असं आधीच सांगतात, आणि बसल्यावर काही त्रास झाला तर विचारायला आचार्य समोर असतात. ईमेलमधून आलेल्या फाइलला यातलं काहीच नसतं.

'पण याला पुरावा आहे ना?' असं तुम्ही विचाराल. आहे, आणि चांगला आहे. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स मिळाला आणि परीक्षेच्या काळात त्यांना इतरांपेक्षा कमी त्रास झाला. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये हे छापून आलं आणि त्याची भरपूर चर्चा झाली. मात्र दोन गोष्टी नीट वाचा. हा कोर्स नेहमीच्या मदतीच्या जोडीला होता, तिच्या जागी नव्हता. आणि आपण गंभीर आजारात किंवा संकटात आहोत असं ज्यांनी स्वतः सांगितलं, ते या प्रयोगात नव्हतेच. म्हणजे 'कधी कधी' वर टिक करणाऱ्या मुलीला काय द्यावं, हा प्रश्न या अभ्यासाने विचारलेलाच नाही. त्याच्या जोरावर तिला फाइल पाठवणं म्हणजे तापावरची गोळी हाड मोडलेल्याला देणं.

शाळांमधलं चित्र आणखी बोलकं आहे. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा मोठा प्रयोग झाला. ८०हून जास्त शाळा आणि आठ हजारांवर मुलं होती. २०२२मध्ये निकाल आले: शाळांमध्ये आधीपासून चालणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा माइंडफुलनेसचे तास सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नाही.

आता याच्या शेजारी 'सेल' हा प्रयोग ठेवा. युरोपातले १० देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. निकाल २०१५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये. आत्महत्या रोखण्याचे तीन मार्ग तपासले. शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणं आणि तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेणं, या दोन्हींनी वर्षभरानंतर ठोस फरक दिसला नाही. फरक दिसला तो तिसऱ्यात. त्यात मुलांनी एकमेकांसमोर प्रसंग नाट्यरूपात उभे केले, चर्चा केली, मित्र अडचणीत असेल तर काय बोलायचं याचा सराव केला. आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले. दोन्ही प्रयोगांतली वयं आणि मोजमापं वेगळी आहेत, त्यामुळे थेट सामना लावू नका. पण परिणाम ज्यात दिसला, त्यात मुलं डोळे मिटून बसलेली नव्हती, एकमेकांकडे बघत होती, हे मला विसरता येत नाही.

मग शरीराकडे लक्ष देणं फुकट का? मुळीच नाही. उलट आपल्याला ते भाषेतच मिळालंय. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, अन्न गोड लागत नाही, जीव घाबरा होतो. 'मला नैराश्य आलंय' हे आईला फोनवर सांगताना जीभ रेटत नाही, आपण 'बरी आहे गं' म्हणून मोकळ्या होतो. 'आई, अन्नच गोड लागत नाहीये' हे मात्र सांगता येतं, आणि पलीकडे ते बरोबर कळतं. बॉडी स्कॅनने मला आवळलेला जबडा दाखवला, हा त्याचा खरा उपयोग. ते कळल्यावर दुसऱ्या माणसाला सांगायचं असतं. फाइल नेमकी तिथेच थांबते. वर 'फक्त बघा, न्याय करू नका' हे वाक्य जिवावर बेतलेल्या माणसाला 'गप्प बसून सहन कर' असंही ऐकू येऊ शकतं.

त्या सहा आठवड्यांत मला सावरलं ते शेजारच्या खोलीतल्या मुलीने. तिने सरळ विचारलं, 'मरावंसं वाटतंय का तुला?' मी हो म्हटलं. ती घाबरली, पण उठून गेली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत जीपीकडे आली. असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. तेव्हा तुम्हीही विचारा. आणि तुमच्या विद्यापीठाने माइंडफुलनेसचं ॲप फुकट दिलं तर जरूर घ्या, सोबत एवढंही विचारा: समुपदेशकाची वेटिंग लिस्ट किती आठवड्यांची आहे?

आत्ता तुम्हालाच तसं वाटत असेल तर श्वास मोजत बसू नका, फोन लावा. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, अमेरिकेत ९८८. भारतातल्या मित्रमैत्रिणींना टेली-मानसचा १४४१६ द्या, तिथे मराठीतही बोलता येतं. इतर देशांत असाल तर तिथला नंबर आजच शोधून फोनमध्ये ठेवा. आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवा.