अनुकृत स्क्रॅच आणि लयीतील विरोध

तबकडी हाताने पुढेमागे घासून नाद निर्माण करण्याची जी रीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उदयास आली, तिला ‘स्क्रॅच’ हे नाव सर्वत्र रूढ झाले आहे. या नादाचे अनुकरण करणारे डिजिटल इफेक्ट आज डीजेंच्या अनेक यंत्रसंचांत व संगणकप्रणालींत आढळतात. एक कळ दाबावी किंवा चाक थोडे फिरवावे आणि स्क्रॅचसारखा नाद तालात निघावा, अशी ही सोय आहे. तिच्याविषयीची चर्चा सामान्यतः दोन टोकांना होते. तबकडीचे अभिमानी तिला लबाडी म्हणतात; नव्या साधनांचे पुरस्कर्ते, श्रोत्याच्या कानी पडते तेवढेच खरे, असे उत्तर देतात. या दोन्ही भूमिकांत समीक्षेचा मूळ प्रश्न बाजूला राहतो, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा, की अनुकृत स्क्रॅचमध्ये मूळ स्क्रॅचचे कोणते घटक उतरतात, कोणते उतरत नाहीत, आणि जे उतरत नाहीत त्यांच्यावाचून त्या नादाचे सौंदर्य टिकते काय?

प्रथम मूळ क्रियेचा इतिहास थोडक्यात पाहू. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ नंतर कूल हर्क हा डीजे, गीतातील केवळ तालवाद्यांचा जो तुकडा नाचणाऱ्यांना विशेष प्रिय असे, तो दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवू लागला. त्याच परिसरातील ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीला प्रत्यक्ष हात लावून तो तुकडा अचूक ठिकाणी पकडण्याचे तंत्र घडविले. पुढे १९७५ च्या सुमारास ग्रँड विझर्ड थिओडोर या कुमारवयीन मुलाला, हात लावताना होणारी घसटच वाजविण्याजोगी आहे, असा साक्षात्कार झाला. आई खोलीच्या दाराशी येऊन बोलू लागली, म्हणून त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि त्या वेळी तो नाद त्याच्या ध्यानात आला, अशी त्याची स्वतःची हकीकत आहे. १९८१ साली फ्लॅशच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ या सुमारे सात मिनिटांच्या रचनेने ही कला ध्वनिमुद्रिकेवर आली. आणि १९८३ साली हर्बी हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मध्ये ग्रँडमिक्सर डी.एसटी. याने वाजविलेल्या स्क्रॅचमुळे ती जगभर परिचित झाली.

आता क्रियेचे स्वरूप. वादकाचा एक हात तबकडीवर असतो. दुसरा मिक्सरच्या क्रॉसफेडरवर, म्हणजे नादाची वाट उघडणाऱ्या व मिटणाऱ्या सरकत्या दांडीवर. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी एक फेरा १.८ सेकंदांत पुरा करते. वादक त्यातील एका लहानशा कमानीवरच खेळत असतो. त्या कमानीवर बहुधा एखादा उच्चार किंवा एखादा आघात मुद्रित असतो. ‘चेंज द बीट’ (१९८२) या तबकडीच्या अखेरीस असलेला, यंत्रातून बदलून काढलेला मानवी उच्चार तर या कलेत पुनःपुन्हा वापरला गेला आहे. हाताची गती वाढली की स्वर चढतो, मंदावली की उतरतो. आणि दिशा बदलताना, क्षणमात्र का होईना, गती शून्य होऊन स्वर विरून जातो. म्हणजे येथील प्रत्येक स्वर हा हाताच्या गतीचा आलेखच असतो. तबकडीच्या या हालचालीवर क्रॉसफेडरची उघडझाप चढविली की निरनिराळे प्रकार सिद्ध होतात. केवळ तबकडीची ये-जा म्हणजे ‘बेबी’. तबकडी सावकाश ओढीत असताना नादाचे झटपट तुकडे पाडणे म्हणजे ‘ट्रान्सफॉर्म’. चार बोटांनी पाठोपाठ दांडीवर आघात करणे म्हणजे ‘क्रॅब’. दोन हातांच्या दोन स्वतंत्र लयी एकमेकींशी कशा जुळतात वा भिडतात, यावर या प्रकारांचे सारे रूप अवलंबून असते.

डिजिटल साधने या कलेत दोन वेगळ्या वाटांनी शिरली आणि त्या दोहोंची गल्लत केल्यानेच पुष्कळसा वाद निर्माण झाला आहे. पहिली वाट साधनबदलाची. २००१ साली पायोनियर कंपनीचे ‘सीडीजे-१०००’ हे यंत्र आले. त्यातील चाकाला स्पर्श करून सीडीवरील नाद तबकडीसारखा मागेपुढे नेता येई. नंतर ‘फायनल स्क्रॅच’ आणि २००४ मधील ‘सेराटो स्क्रॅच लाइव्ह’ यांनी अधिक सूक्ष्म उपाय केला. त्यांच्या तबकडीवर संगीत नसतेच. केवळ एक नियंत्रक संकेत कोरलेला असतो. सुई तो वाचते, संगणक त्यावरून हाताची दिशा व गती ओळखतो, आणि साठविलेला नाद त्या गतीनुसार ऐकवितो. येथे नाद डिजिटल आहे, परंतु हाताच्या गतीचा अखंड आलेख कायम आहे. अशा वादनाला अनुकरण म्हणणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही. दौत-टाकाऐवजी झरणी वापरल्याने हस्ताक्षर परके होत नाही.

दुसरी वाट अनुकरणाची, आणि तीच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे हाताची गती मोजली जात नाही. स्क्रॅचचा परिणाम आधीच ठरवून ठेवलेला असतो. संगणकप्रणाली प्रथम गीताचा वेग मोजते आणि त्यावर मात्रांची एक समान जाळी आखते. मिनिटाला १२० मात्रांच्या गीतात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा चतुर्थांश ०.१२५ सेकंदाचा. नादाची उघडझाप करणारा इफेक्ट नेमक्या या अंतराने नाद तोडतो, आणि ‘ट्रान्सफॉर्म’चा आभास उत्पन्न होतो. तबकडी थांबविल्याचा किंवा उलटी भिरकावल्याचा परिणाम साधणारे इफेक्टही आहेत. पायोनियरच्याच २०२१ च्या ‘डीडीजे-एफएलएक्स६’ या संचात तर ‘जॉग कटर’ नावाची योजना असून, तीत नवशिक्यानेही चाक फिरविले की गीताच्या तालाला धरून स्क्रॅचचे नमुने उमटतात.

हा नाद मूळ नादाहून कोणत्या अर्थी वेगळा आहे? श्रम कमी पडले म्हणून तो हिणकस, हा युक्तिवाद टिकणारा नाही. कलाकृतीचे मूल्य घामाच्या मापाने ठरत नाही. श्रोत्याच्या कानाला जे ऐकू येते तेवढेच खरे, ही प्रतिपक्षाची भूमिकाच क्षणभर मान्य करून पाहू. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सौंदर्याचा विचार संवेदनांच्या लयबद्ध रचनेच्या आधारे केला आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. त्यांची लय केवळ कालगणनेची नव्हे, हे खरे. तथापि जेथे संवेदना मुळातच कालबद्ध नादाच्या आहेत, तेथे ही तत्त्वे लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

ती लावली असता असे दिसते, की इफेक्टमधून निघणारा स्क्रॅच गीताच्या तालाशी संवाद साधतो आणि तेवढेच करतो. तो तालाच्या जाळीतूनच जन्मलेला असल्यामुळे तिच्याशी विसंगत होण्याची शक्यताच त्याच्यापाशी नाही. तो उशिरा येऊ शकत नाही, घाई करू शकत नाही, मात्रेच्या काठावर रेंगाळू शकत नाही. उलट हाताने वाजविलेला स्क्रॅच मात्रेच्या किंचित मागे राहतो, मग झडप घालून तिला गाठतो. स्वर ताणला जातो आणि पुढच्या आघातावर तो ताण सुटतो. श्रोत्याला सुख होते ते या सुटकेचे. विरोध नसेल तर समतोलालाही अर्थ उरत नाही. कारण ज्याचा तोल ढळलाच नाही, त्याने तो सावरला असे कोण म्हणेल? अनुकृत स्क्रॅचची उणीव यावरून उघड होते. ती हाताच्या अभावात नाही. लयीतील विरोधाच्या अभावात आहे, आणि म्हणूनच ती कानांना ऐकू येणारी उणीव आहे.

यावर असा आक्षेप येईल, की एखादा सुटा अनुकृत स्क्रॅच खऱ्यापासून ओळखता येत नाही. हे मान्य करावयास हवे. परंतु सुटा स्क्रॅच हा सुट्या शब्दासारखा आहे. परीक्षा करावयाची ती वाक्याची. चार-आठ आवर्तनांचा पल्ला ऐकला म्हणजे प्रत्येक उघडझाप समान अंतरावर पडते आहे, कोठेही ताण साचत नाही, हे जाणकार कानाला उमगते. फ्लॅशने आपल्या १९८१ च्या रचनेविषयी सांगितले आहे, की वाजविताना चूक झाली तर मध्येच जोड न देता तो पुन्हा आरंभापासून सुरुवात करी. त्या हट्टाचे मर्म आम्ही असे समजतो : जेथे चूक होऊ शकते तेथेच अचूकपणा ऐकू येतो.

मग अनुकरण हेच दोषास्पद आहे काय? तसे मुळीच नाही, याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या वाद्यवृंदाच्या ‘बुल्स ऑन परेड’ (१९९६) या गीतात टॉम मोरेलोने गिटारीवर स्क्रॅचचे अनुकरण केले. एका हाताने तो तारा घासतो आणि दुसऱ्या हाताने गिटारीवरील खटका मागेपुढे करून नाद तोडतो. खटका येथे क्रॉसफेडरचे काम करतो. राझेल या कलावंताने तर केवळ कंठ व ओठ यांच्या साहाय्याने स्क्रॅचचा आभास घडविला. दोघांपाशी तबकडी नाही, दोघेही उघडउघड नक्कल करीत आहेत. तरीही त्यांचे वादन जिवंत वाटते. कारण त्यांनी स्क्रॅचच्या परिणामाबरोबर त्याच्या क्रियेचेही अनुकरण केले. हाताच्या किंवा श्वासाच्या अखंड गतीने स्वर घडविणे आणि स्वतंत्रपणे तो तोडणे, हे द्वंद्व त्यांनी आपल्या माध्यमात पुन्हा उभे केले. संगणकालाही हे अशक्य नाही. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात केटिल फाल्केनबर्ग हान्सेन आणि रोबेर्तो ब्रेसिन यांनी ‘स्किपप्रूफ’ नावाची प्रणाली रचली. तीत प्रत्यक्ष वादकांच्या हालचालींवरून स्क्रॅचच्या प्रकारांचे नमुने बांधले होते आणि वाजविणाऱ्याला ते आपल्या हावभावांनी वळविता येत. म्हणजे तयार नमुन्यावरही वादकाचा अंमल चालावा, याची तेथे तजवीज होती. विक्रीच्या यंत्रांत नेमका हाच अंमल ‘सोपेपणा’च्या नावाखाली काढून घेतला जातो.

प्रतिपक्षाचा आणखी एक मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तबकडी व फिरता पाट ही मुळात वाद्ये नव्हतीच. ती पुनरुक्तीची यंत्रे होती. थिओडोरने ती त्यांच्या प्रयोजनाविरुद्ध वापरली, तेव्हा ती वाद्ये झाली. उद्या एखादा वादक इफेक्टलाही असेच त्याच्या प्रयोजनाविरुद्ध राबवील, मात्रांची जाळी मुद्दाम चुकीची आखील, उघडझापेचे अंतर वाजवितानाच बदलीत राहील. तसे झाल्यास तेथे विरोध निर्माण होईल आणि आमचा आक्षेप निरस्त होईल. किंबहुना इफेक्टचा आपला असा धर्मही आहे. यंत्राची निर्दय समानता हाताला साधत नाही, आणि काही रचनांत तीच हवी असते. पेटीवर मींड निघत नाही म्हणून पेटी त्याज्य ठरली नाही. मात्र मींडेचा आभास करू पाहणाऱ्या पेटीपेक्षा आपल्या पट्ट्यांचे सामर्थ्य ओळखून वाजणारी पेटी अधिक रंगते. इफेक्टने स्क्रॅचचा वेश घेणे सोडले, तर त्याचेही असेच होईल.

तात्पर्य, डीजेच्या वादनाची समीक्षा करताना समोर कोणते यंत्र आहे, हे आधी पाहू नये. नियंत्रक तबकडीवर वाजविलेला डिजिटल स्क्रॅच अस्सल असू शकतो, आणि जुन्या काळ्या तबकडीवरचा स्क्रॅचही पाठ केलेल्या समान आघातांमुळे निर्जीव होऊ शकतो. ऐकावयाचे ते एवढेच, की वाजविणाऱ्याला तालापासून दूर जाण्याची मुभा होती काय, तो गेला काय, आणि परत कसा आला.