वाटीचे वाङ्मय

पाकशास्त्राच्या पुस्तकांना आपण वाङ्मय मानीत नाही. ग्रंथसंग्रहालयात त्यांची जागा बहुधा विणकाम-भरतकामाच्या पुस्तकांशेजारी, खालच्या फळीवर असते. वस्तुतः मराठी घरात तेलकट बोटांनी उलटून उलटून ज्याची पाने पिवळी पडली आहेत, असे पुस्तक क्वचितच कादंबरी असते. ते पाकपुस्तक असते. जे पुस्तक वाचकाच्या जिभेवर, आणि पर्यायाने त्याच्या रक्तावर परिणाम करते, त्याची समीक्षा कोणी करू नये याचे मला नवल वाटते. म्हणून फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून, किंवा न सारताही, वाचकांनी माझ्याबरोबर या पुस्तकांकडे चिकित्सक नजरेने पाहावे. प्रश्न एकच आहे: रोजचे जेवण हळूहळू सुधारू पाहणाऱ्या घराला ही पुस्तके काय देतात?

सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नपदार्थांच्या गुणदोषांची चर्चा आहे. कोणते अन्न शरीराला काय करते, याची जिज्ञासा त्यामागे आहे. पुढे छापखाने आले. 1875 साली ‘सूपशास्त्र’ मराठीत छापले गेले आणि 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’. या पुस्तकाचे दुसरे नाव हजार पाकक्रियांचे आश्वासन देते. हजार! त्या एका आकड्यात नव्या युगाची सारी हौस दिसते. कृती किती, हे महत्त्वाचे ठरू लागले. ती खाल्ल्यावर काय होते, हा प्रश्न वैद्यबुवांकडे गेला. पाकशास्त्राची आणि आरोग्यशास्त्राची फारकत इथेच कुठेतरी झाली, असे मला वाटते.

नंतर 1970 साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. तिच्या चवीची स्तुती पुष्कळ झाली आहे. मला तिचे मोठेपण दुसरीकडे दिसते. तिने वाटी आणि चमचा यांना भाषेत मानाचे स्थान दिले. ‘अंदाजाने घाला’ हे वाक्य सासूच्या शेजारी उभे राहून शिकणाऱ्या सुनेला पुरत असे. शहरात दोन खोल्यांत एकटीने चूल, म्हणजे गॅस पेटवणाऱ्या मुलीला ते निरुपयोगी होते. वाटीच्या मापाने तिला धीर दिला. पण या मापात आणखी एक शक्ती होती, आणि तिच्याकडे वाचकांचे लक्ष फारसे गेले नाही. जे मोजता येते, ते थोडेथोडे बदलताही येते.

याचा प्रत्यय मला आमच्याच घरी आला. मामंजींना मधुमेह निघाला तेव्हा त्यांच्या हाती आहाराचा एक छापील कागद पडला. भात वर्ज्य, साखर वर्ज्य, बटाटा वर्ज्य. त्यांचे पान वेगळे वाढले जाऊ लागले. चौथ्या दिवशी ते ताटावरून उठले आणि म्हणाले, “मला पंक्तीतून उठवलंत की तुम्ही!” त्या वाक्यात भुकेपेक्षा अपमान जास्त होता. सासूबाईंनी तो कागद फाडला नाही. घडी करून डब्याखाली ठेवला आणि स्वतःची रीत काढली. मामंजींच्या दिवसाच्या चार कपांत प्रत्येकी दोन चमचे साखर असे. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी होऊ लागला. भाताचा एक डाव घटला की उसळीचा एक डाव वाढे. कणकेत आधी मूठभर नाचणीचे पीठ, महिन्याने दोन मुठी. आणि हे सारे घरातल्या सर्वांच्याच पानांत. तीन महिन्यांनी कपात अर्धा चमचा साखर उरली, आणि मामंजींनी पुन्हा गोड चहा मागितला नाही. त्यांच्या गोळ्या सुटल्या नाहीत; तशी अपेक्षाही नव्हती. पण ते पुन्हा पंक्तीत बसले.

हिशेब मांडून पाहावा. चमच्याला पाच ग्रॅम धरली तर आठ चमचे म्हणजे चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली, मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक बरे, असे सांगितले. आणि त्यात चहाखेरीज मिठाई-सरबतांतली साखरही आलीच. सासूबाईंची रीत का टिकली, याचेही कारण आहे. जीभ सवयीची दासी आहे. मीठ किंवा साखर हळूहळू कमी केली तर काही आठवड्यांत तेवढीच पुरेशी लागू लागते. एकदम तोडली तर ती बंड करते. पोटाचेही तसेच. कडधान्ये एका दिवसात दुप्पट केली तर पोट फुगते आणि सारा दोष बिचाऱ्या मटकीवर येतो.

आता अलीकडच्या ‘पौष्टिक’ पाकपुस्तकांविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, पण पुष्कळांची भाषा त्या छापील कागदासारखी आहे: याशिवाय, त्याशिवाय, अमक्याऐवजी तमके. साखरेऐवजी गूळ घातला की लाडू निर्दोष झाला, असे ती सुचवतात. रक्तातल्या साखरेला मात्र हा फरक फारसा कळत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे खरे, पण ती केकमध्ये घालून वर्षातून दोनदा खाल्ल्याने काय साधणार? 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हाही ज्वारी-बाजरीच्या नवलाईच्या पदार्थांचे कौतुक पुष्कळ झाले. साध्या भाकरीच्या वाट्याला ते थोडेच आले.

या पुस्तकांचे मूळ वैगुण्य असे की, त्यांचे एकक पदार्थ आहे. शरीराचे एकक दिवस आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर तिथे पदार्थ नव्हे, ताट दिसते: अर्धे ताट भाज्या-फळांचे, आणि तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्या पानाची रचना यापासून फार दूर नाही. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मध्ये भात-पोळी. व्याकरण ठीक आहे. प्रमाण बिघडले आहे. मध्य पसरला आणि डावी बाजू चमचाभर उरली. कोशिंबीर चमच्याची वाटी झाली, तर नवे काहीच शिकावे लागत नाही.

राहिला प्रश्न दिवाळीचा. करंजीत हात आखडू नये आणि चकलीला ओट्सची शिक्षा देऊ नये. सण चार दिवसांचा आहे. आपले जे काही बिघडते ते उरलेल्या तीनशे साठ दिवसांत. सणाच्या पदार्थांवर मराठीत उत्तम पुस्तके आहेत. रोजच्या पानाला अजून त्याच्या योग्यतेचा लेखक मिळायचा आहे, असे मला वाटते. तो जेव्हा लिहील, तेव्हा त्याने हजार कृती देऊ नयेत, तीस पुरेत. मात्र प्रत्येक कृतीपुढे मापांचे दोन रकाने असावेत: एक आजचा, दुसरा सहा महिन्यांनंतरचा. त्या दोन रकान्यांमधले अंतर पाव-पाव चमच्याने कसे तोडायचे, हे ज्याला सांगता येईल, त्याचे पुस्तक मी खालच्या फळीवर ठेवणार नाही.