राज्यांतर आणि त्याचे बखरकार

रोमची सत्ता ब्रिटनवरून उठली त्याचे वर्ष परंपरेने इ.स. 410 असे सांगतात. पुढील दोन शतकांत त्या बेटाच्या पूर्वेस व दक्षिणेस अँग्ल आणि सॅक्सन लोकांची लहान लहान राज्ये उभी राहिली. या राज्यांतराचे दोन प्रमुख लेखक संन्यस्त होते : सहाव्या शतकातील गिल्डास आणि आठव्या शतकातील संत बीड. (मराठवाड्यातील बीडशी या संताचा काही संबंध नाही, हे बालवाचकांसाठी.) त्या दोघांच्या शेजारी आम्ही आज एक मराठी ग्रंथ ठेवून पाहणार आहोत. तो म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर’. माहीम, दादर, परळ येथील आपल्या घरांत ती क्वचितच कोणी उघडली असेल. राजांची, कुळांची, गोत्रांची ही पोथी. तिच्याशी ख्रिस्ती माणसाचे काय काम, असे अनेकांना वाटते. आम्हांस ते मान्य नाही.

गिल्डास इतिहास सांगतो तो यिर्मया संदेष्ट्याच्या आवाजात. राजे पापी झाले, धर्मगुरू आळसावले, म्हणून देवाने सॅक्सनांचा आसूड उगारला, एवढीच त्याची कथा. सनावळी जवळजवळ नाही, माणसांची नावे मोजकी. त्याचा आकांत खरा आहे. परंतु त्या आकांतात गावे, शेते, बाजार दिसत नाहीत. सारे बेट म्हणजे एक जळते देवालय होऊन बसते.

बीडचा ग्रंथ, ‘इंग्रज लोकांचा धर्मसभेचा इतिहास’, 731 साली पूर्ण झाला. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी 1899 साली त्यांना धर्मसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. साधने तपासून, ऐकीव गोष्ट कोणाकडून ऐकली ते सांगून लिहिणारा असा इतिहासकार त्या युगात दुर्मीळच. 597 साली संत ऑगस्टीन केंटमध्ये उतरले, तेव्हा एथेलबर्ट राजाची राणी बर्था आधीच ख्रिस्ती होती आणि कँटरबरीजवळच्या रोमन काळातील संत मार्टिनच्या जुन्या चर्चमध्ये प्रार्थना करीत होती, हे बीड आवर्जून नोंदवतात. थोर ग्रेगरी पोपांचे 601 सालचे पत्रही त्यांनीच जपले : तेथील देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र जल शिंपडा, वेदी उभारा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील.

हे पत्र वाचताना मुंबईकर ख्रिस्ती वाचकाचे मन क्षणभर थांबावे. सोळाव्या शतकात बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले, ते ग्रेगरींच्या सल्ल्याला धरून झाले असे म्हणता येईल. परंतु साष्टी-वसई भागात पाडलेल्या देवळांविषयी तसे म्हणता येणार नाही. आपल्या लेखनात या दुसऱ्या गोष्टीवर पडदा असतो. परळला 1931 साली रस्त्याच्या कामात सापडलेले आणि आज बारादेवीच्या देवळात असलेले भव्य शिवशिल्प सहाव्या शतकातील, म्हणजे गिल्डासच्याच काळातील मानले जाते. आपली परळची कथा मात्र जेजुइटांच्या चर्चपासून सुरू होते; ते इंग्रजांनी घेतले, तेथे गव्हर्नराचा बंगला झाला, 1899 साली प्लेगची प्रयोगशाळा आली आणि तीच आजची हाफकिन संस्था. कथा खरी आहे, पण ती तिसऱ्या अंकापासून सांगितलेली आहे.

बीडही सर्वत्र समदर्शी नाहीत. ब्रिटनांनी सॅक्सनांना सुवार्ता सांगितली नाही, हा राग त्यांच्या मनातून जात नाही. चेस्टरच्या लढाईत बँगरचे शेकडो मठवासी मारले गेले, त्यात त्यांना ईश्वरी न्याय दिसतो. आचार्याच्या लेखणीतून हे यावे, याचे आम्हांस आजही दुःख होते.

आता बखरीकडे वळू. तिची सहा प्रकरणे एका हाताची नाहीत. सर्वांत जुना गद्य भाग केशवाचार्याचा, शके 1370 म्हणजे इ.स. 1448 चा. तेव्हा माहीम गुजरातच्या सुलतानांकडे होते. महाराष्ट्रधर्म लोपला, लोक आपले कुळ व आचार विसरले. मालाडच्या नायकोरावास देवीने दृष्टांत दिला, म्हणून हे लेखन, अशी त्याची भूमिका. येथवर तो गिल्डासचा सख्खा भाऊ शोभतो. परंतु पुढे तो रडत बसत नाही. बिंब राजाबरोबर कोणती कुळे आली, कोणास कोणते गाव, कोणती वृत्ती मिळाली, हे तो मांडू लागतो. याद्या कंटाळवाण्या आहेत, कालगणना गोंधळाची आहे आणि बिंब नेमका कोण याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तरीही गिल्डासमध्ये जे नाही ते येथे आहे : राज्य गेल्यावर मागे राहिलेले लोक. राजवाड्यांनी प्रस्तावनेत निष्कर्ष काढला की येथील रयत राज्यकर्त्यांविषयी उदासीन होती. आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. उदासीन लोक आपली कुळे अशी मोजून ठेवीत नाहीत. वसईच्या वाडवळ ख्रिस्ती घरांत सोमवंशी कुळांची आठवण धर्मांतरानंतरही टिकली, ती काही उदासीनतेने नव्हे.

आपल्या चर्चच्या ज्युबिली स्मरणिका या तुलनेत पाहाव्यात. 1534 साली बहादूरशहाने बेटे पोर्तुगीजांना दिली, 1596 साली दादरचे साल्वासाँव चर्च झाले, 1665 साली इंग्रज आले, 1739 साली वसई पडली. मग धर्मगुरूंची नामावली, मग इमारतीचा जीर्णोद्धार. पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांचा 1928 पर्यंत चाललेला दुहेरी अधिकार एका वाक्यात उरकतात. वास्तविक 1853 साली माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन वेढ्यात अडकले होते. बीड असते तर त्यांनी हा प्रसंग सोडला नसता. नॉर्थम्ब्रियाचा राजा ईस्टरची मेजवानी झोडीत असता राणी अजून उपवासकाळ पाळीत होती, हे त्यांनीच तर लिहून ठेवले. त्याच वादाचा निवाडा 664 साली व्हिटबीच्या धर्मपरिषदेत झाला.

ब्रिटनमध्ये भाषाही बदलली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात, पूर्व व दक्षिण इंग्लंडच्या तत्कालीन दफनभूमींतील माणसांचा सुमारे तीन-चतुर्थांश वंशभाग समुद्रापलीकडचा निघाला. मुंबईत तसे घडले नाही. राज्यकर्ते बदलले, माणसे तीच राहिली. एकशे एकतीस वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतरही घरची बोली मराठीच होती. ब्रिटनांना सॅक्सनांनी ‘परके’ अशा अर्थाचे नाव दिले, त्यातूनच ‘वेल्श’ हा शब्द आला. आपल्यापैकी अनेकांनी मात्र 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे कंपनीच्या आठवणीचे नाव आपण होऊन घेतले; आणि दादर-गिरगावच्या कित्येक घरांतून मराठी गेली ती कोणत्याही फर्मानाशिवाय.

विल्टशायर, म्हणजे जुन्या वेसेक्सची भूमी. तेथून निघून 1579 साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली छापले गेले. स्मरणिकांचे संपादक त्यांचा उल्लेख पहिल्या पानावर अभिमानाने करतात आणि पुढचा सारा अंक इंग्रजीत काढतात. त्याच अंकात जुन्या वाड्यांची, वाडग्यांची, विहिरींची नावे आजीच्या बोलीत नोंदवायला चार पाने मिळाली, तर केशवाचार्याचे काम पुढे सरकेल.