'गुबारे खातिर'मधला शौक

नोकरी, घर आणि शिकवण्या यांतून उरलेल्या वेळेचे काय करावे, हा प्रश्न आमच्या समाजात गंभीरपणे विचारला जात नाही. 'शौक' म्हटले की त्याच्याआधी 'फिजूल' हा शब्द ठरलेलाच. मुलाला गाण्याची आवड असली तर घरात वाद होतो. मुलीला असली तर वादही होत नाही, विषय तिथेच संपतो. म्हणूनच मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबारे खातिर' आम्हाला पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मौलानांना मुंबईत अटक झाली आणि अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. ते त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. एप्रिल १९४५ पर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच होता. त्याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलानांनी पत्रे लिहिली, आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे. ती टपालात पडण्याची सोय नव्हती. १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले.

एवढा मोठा राजकारणी, कुरआनचा भाष्यकार. पण या पत्रांत राजकारण फार थोडे आहे. चहा आहे, फुले आहेत, चिमण्या आहेत, संगीत आहे. पहाटे साऱ्यांच्या आधी उठून मौलाना स्वतःच्या हाताने चहा करतात. तोही चिनी, चमेलीच्या वासाचा, दुधाशिवायचा. दूध घालून उकळलेल्या चहावर वाढलेल्या आम्हाला त्याचे हसू येते. पण दिवसातला एक तास कोणासाठीही नसतो, हे त्या प्याल्यातून कळते.

चिमण्यांचे प्रकरण वर्गात वाचून दाखवले की मुले खूश होतात. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलाना आधी लढाई करतात, हरतात आणि मग तह करतात. तांदळाचे दाणे रोज थोडे जवळ टाकत टाकत पाखरे हातापर्यंत येतात. त्यांची नावेही ठेवली जातात: मोती, कलंदर, मुल्ला. विनोदाच्या आत धीराने पाहत राहण्याची सवय दडलेली आहे. आमच्या मते शौकाची सुरुवात तिथूनच होते.

संगीतावरचे पत्र आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तरुणपणी कलकत्त्यात मौलानांच्या हाती 'राग दर्पण' या ग्रंथाचे हस्तलिखित आले. ते पाहून मदरशाचे इंग्रज प्राचार्य डेनिसन रॉस यांनी, यातले तुम्हाला काही समजते का, अशा अर्थाचे विचारले. समजत नव्हते. ही बोच मनाला लागली आणि पीरांच्या घराण्यातला हा मुलगा मसीता खान यांच्याकडे सतार शिकू लागला. पुढे ताजमहालाच्या चबुतऱ्यावर, चांदण्या रात्री, त्यांनी सतार वाजवली. फकीहांची सक्ती ही संगीताचा गैरवापर रोखण्यासाठी होती, असा त्यांचा रोख आहे. तो सर्वांना पटेलच असे नाही. पण एक आलिम आपला शौक लपवत नाही, त्याची बाजू मांडतो, ही गोष्ट आमच्या घराघरांत सांगण्यासारखी आहे.

तरीही पुस्तकाकडे डोळे मिटून पाहता येत नाही. फारसी शेरांची दाटी सामान्य वाचकाला दूर ठेवते. मौलानांची ऐट खानदानी आहे. आणि सर्वांत बोचते ते झुलेखा बेगम यांचे प्रकरण. ९ एप्रिल १९४३ रोजी त्या कलकत्त्यात वारल्या. सरकारकडे सवलत मागायची नाही, या हट्टाने मौलाना भेटीला गेले नाहीत. आजारपणाच्या बातम्या येत असताना आपला दिनक्रम त्यांनी मोडला नाही, पण ती शांतता वरवरची होती हे ते स्वतःच कबूल करतात. किल्ल्याच्या आवारातली एक जुनी कबर त्यांना एकाएकी जवळची वाटू लागते. शौकाने दुःख जात नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

या पत्रात बेगमसाहेबांची साथ आहे, त्यांचा धीर आहे. त्यांना स्वतःला काय आवडे, हे मात्र आम्हाला कुठे सापडले नाही. चिमण्यांची नावे ठाऊक आहेत. बेगमसाहेबांचा एकही शौक ठाऊक नाही. हा दोष एकट्या मौलानांचा नाही. आपल्या अम्मीला काय आवडायचे, असे विचारले तर आपल्यातले किती जण स्वयंपाकापलीकडचे काही सांगू शकतील?

मौलानांना फुरसत कैदेने दिली. आम्हाला ती स्वतःच काढावी लागेल आणि घरातल्या बायकांनाही काढू द्यावी लागेल. 'गुबारे खातिर' वाचताना ही दुसरी गोष्ट लक्षात राहिली, तर वाचन कामी आले असे आम्ही समजू.