साडेतीन चरणांचा गट

मोसंबीच्या आडतीवर शेतकऱ्याच्या हातात देतात ती हिशोबपट्टी, पातळ कागदाची. पुढच्या बाजूला हमाली-तोलाई वजा होऊन कुणाच्या तरी मालाचा हिशोब. तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी सध्या माझ्यासमोर आहेत. वर कोपऱ्यात एकच शब्द, ‘नजरअंदाज’. खाली:

डॉर्टमुंड.
न्यूकॅसल – पेठ मागे आहे.
पॅरिस – घरी राजा, बाहेर पाहुणा.
मिलान – गोल कोण करणार?

लिहिणारे माझे थोरले मावसभाऊ. जालन्याच्या मोसंबी मार्केटात त्यांची आडत आहे आणि आख्खं खानदान त्यांना दादा म्हणतं. तारीख 31 ऑगस्ट 2023. त्या रात्री मोनॅकोत फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला. पॅरिस सां-जर्मां, बोरुसिया डॉर्टमुंड, एसी मिलान आणि न्यूकॅसल युनायटेड हे चौघे एफ गटात एकत्र आले आणि दादांनी दुकानातल्या दुकानात पट्टी उलटी करून हे खरडलं. मी शेजारी बसून मोबाइलवर ड्रॉ बघत होतो.

ड्रॉ बघताना मला दर वर्षी भेंडवळ आठवतं. आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ ओलं झालं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. मोनॅकोतही तेव्हा घट चारच, फक्त काचेचे. एकेका घटात आठ क्लब. पॅरिस पहिल्या घटातून, डॉर्टमुंड दुसऱ्यातून, मिलान तिसऱ्यातून, न्यूकॅसल चौथ्यातून. दादा मात्र भेंडवळवाले नव्हेत. ते महसूल खात्याच्या पद्धतीनं चालतात. खरिपाची पैसेवारी जशी आधी नजरअंदाज निघते, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम, तशी त्यांची फुटबॉलची पट्टी. गटसाखळीचं वेळापत्रकही नेमकं तेच असायचं. सप्टेंबरात सुरुवात, ऑक्टोबरअखेर निम्मा डाव, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. नजरअंदाज म्हणजे बांधावर उभं राहून उभ्या पिकाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता, त्यामुळे तो शब्द त्यांच्या डोक्यात असणं साहजिकच होतं.

या चार ओळींचं रसग्रहण करायचं तर आधी रचनाप्रकार कळायला हवा. चार क्लबांचा गट म्हणजे ओवी. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे, दासबोध सगळा ओवीत, म्हणून ही उपमा मला जवळची वाटते. ओवी साडेतीन चरणांची असते. तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. बहुतेक गटही असेच असायचे. एक राजा, एक सरदार, एक नावाजलेलं घराणं आणि चौथा जो मोठमोठी मैदानं बघायला आलेला असतो. त्याच हंगामातला जी गट घ्या. मँचेस्टर सिटी सहापैकी सहा सामने जिंकून 18 गुणांवर, लाइपझिश 12, यंग बॉईज 4, रेड स्टार 1. हा गट वर्तवायला कुणी लागत नाही, शाळकरी पोरगाही सांगेल.

चार नावं लावायच्या रीती फक्त 24. म्हणून माणसाला वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं आहे. पण त्या चार नावांमध्ये 12 सामने होतात. प्रत्येकाचे तीन निकाल संभवतात, म्हणजे वाटा होतात 5,31,441. कागदावर चोवीस, मैदानावर सव्वापाच लाखांच्या वर. गटाचं भाकीत करण्याची सगळी चव या दोन आकड्यांमधल्या फटीत आहे. आता ती फटही गेली. 1999 पासून चालत आलेली आठ गट, बत्तीस संघांची रचना 2023-24 च्या हंगामाबरोबर संपली आणि पुढच्या वर्षीपासून छत्तीस संघांचा एकच लांबलचक तक्ता आला. त्या तक्त्यात थरार नाही असं मी म्हणणार नाही. पण छत्तीस ओळी कुणी हिशोबपट्टीच्या पाठीवर लिहीत नाही. ती रेशनची यादी झाली.

एफ गटात चौथा चरण आखूड नव्हता, हीच गोम. न्यूकॅसल चौथ्या घटातून आलं ते केवळ वीस वर्षं या स्पर्धेबाहेर होतं म्हणून. याआधी 2002-03 मध्ये गटात होतं तेव्हा पहिले तिन्ही सामने हरून पुढचे तिन्ही जिंकून पुढच्या फेरीत गेलं होतं, तसं करणारा तो पहिलाच क्लब. म्हणजे ओवी चारही चरण भरून आलेली. तिचं यमक कुठं लावायचं?

दादांनी ते दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत लावलं, आणि मला ही त्यांची सगळ्यात सुंदर चाल वाटते. मिलानचा मधल्या फळीतला सांद्रो तोनाली त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलनं विकत घेतला होता. एकाची भर ती दुसऱ्याची खोट. म्हणून न्यूकॅसल वर गेलं आणि मिलान तळाला. शिवाय दोघांचा पहिलाच सामना एकमेकांशी, मिलानच्या सान सिरोवर, म्हणजे तोनाली जुन्या घरी पाहुणा म्हणून उतरणार. 19 सप्टेंबरला तो सामना 0-0 सुटला. पुढं ऑक्टोबरात तोनालीवर सट्टेबाजीच्या नियमभंगासाठी दहा महिन्यांची बंदी आली आणि यमकाचा एक पाय निखळला. दादा स्वतः पट्टीवर कधी पैसा लावत नाहीत. “पैसा लावला की माणूस हातचं राखून लिहितो,” हे त्यांचं म्हणणं. तोनालीची बातमी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “घ्या. पोरगं आमच्या धंद्यात आलं न् धरलं गेलं.”

‘पेठ मागे आहे’ हे शब्द जालन्याचे नाहीत, कोल्हापूरचे आहेत. दादा ऐंशीच्या दशकात दोन वर्षं तिथं शिकायला होते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा यांचे सामने बघून त्यांना हा रोग जडला. तिथं संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. अकरा पोरं हरली तर आख्खी पेठ जेवत नाही. दादांच्या मते इंग्लंडात ही कोल्हापुरी अवस्था न्यूकॅसल गावाची आहे, एक शहर, एक क्लब. 4 ऑक्टोबरला, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला, या तीन शब्दांच्या टिपणाला मैदानानं उत्तर दिलं. न्यूकॅसल 4, पॅरिस 1. गोल करणाऱ्यांत डॅन बर्न आणि शॉन लाँगस्टाफ, दोघंही त्याच मुलखातली पोरं. बर्नला तर लहानपणी याच क्लबानं काढून टाकलं होतं. मी दादांना फोन केला. पलीकडून फक्त शिट्टी ऐकू आली.

तरी न्यायानं बोलायचं तर टिपण म्हणून ही ओळ कच्ची आहे. पेठ मागे असूनही न्यूकॅसल पुढचे दोन्ही घरचे सामने हरलं. पेठ आवाज देते, पाय देत नाही, हे कोल्हापुरात दोन वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

तिसरी ओळ मात्र अस्सल. ‘घरी राजा, बाहेर पाहुणा.’ पॅरिसचे सहा सामने काढून बघा. घरी डॉर्टमुंडवर 2-0, मिलानवर 3-0, न्यूकॅसलशी 1-1. बाहेर 1-4, 1-2, 1-1. घरी हार नाही, बाहेर विजय नाही. चार शब्दांत सहा सामने. यातला पाहुणा कसा वागवला जातो ते 7 नोव्हेंबरला सान सिरोवर दिसलं. पॅरिसचा गोलरक्षक दोन्नारुम्मा हा मूळचा मिलानचा, करार संपवून गेलेला. मिलानच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर नकली नोटा उधळल्या, त्यांवर त्याच्या नावाचं ‘डॉलारुम्मा’ केलेलं. आपल्याकडे वरातीत नोटा ओवाळून टाकतात, इथं अपमानासाठी. त्याच सामन्यात लिआओची उलटी लाथ आणि जिरूचं डोकं, मिलान 2-1. घरच्या राजालाही नशीब लागतंच म्हणा. 28 नोव्हेंबरला न्यूकॅसल पॅरिसमध्ये 1-0 नं पुढं होतं. भरपाई वेळेत चेंडू न्यूकॅसलच्या लिव्हरामेंटोच्या अंगावरून उसळून त्याच्या कोपराला लागला, व्हीएआरनं पेनल्टी दिली, 98व्या मिनिटाला एमबाप्पेनं बरोबरी साधली. पहाटे साडेतीनच्या सुमाराला दादांचा संदेश आला: “काटा मारला.”

‘गोल कोण करणार?’ हा प्रश्न आहे, विधान नव्हे, आणि भाकितात प्रश्न लिहिण्याची हिंमत फार थोड्यांत असते. मिलाननं पहिल्या तीन सामन्यांत उत्तर दिलं ते असं: 0-0, 0-0, 0-3. एकही गोल नाही, गुण दोन. पुढच्या तीन सामन्यांत पाच गोल. प्रश्न निम्म्या वाटेवर सुटला. पट्टीवर सुधारित असं काही लिहायची वेळ तेव्हा आली होती. दादांनी लिहिलं नाही. तेव्हा आमच्याकडे खरीच सुधारित चालू होती. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा असे पाच आमच्या जिल्ह्यातले. त्याआधी, ड्रॉच्या दुसऱ्याच दिवशी, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता आणि जिल्ह्यात दुसरं काही बोलण्यासारखं उरलंच नव्हतं. पट्टी कितीतरी दिवस गल्ल्याखाली पडून होती.

आता पहिली ओळ. तिच्यापुढं काहीच लिहिलेलं नाही. मला आधी वाटलं, दादांना कारण सुचलं नाही. त्या मे महिन्यात डॉर्टमुंडनं जर्मनीचं विजेतेपद शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर माइन्झशी 2-2 बरोबरी करून घालवलं होतं. गुण बायर्नइतकेच, 71, गोलफरकानं मागे. मग त्यांचा बेलिंगहॅम रेआल माद्रिदला गेला. अशा संघाला पहिला लिहायचं आणि कारण द्यायचं नाही? विचारल्यावर म्हणाले, “ज्याचं एकदा पार वाळून गेलंय ना, तो पुढच्या साली पेरणी बरोबर करतो.” ते खरं की खोटं, देव जाणे, बाजारात उलट उदाहरणंही ढिगानं आहेत. पण डॉर्टमुंडचा हिशोब मात्र शेतकऱ्यासारखाच निघाला. पहिल्या तीन सामन्यांत गोल एक आणि गुण चार. त्यानंतर दोन मोठे विजय आणि 11 गुणांवर गट खिशात. तोच संघ पुढं उपांत्य फेरीत पॅरिसला दोनदा 1-0 हरवून 1 जून 2024 ला वेम्बलीवर अंतिम सामना खेळला, रेआलकडून हरला.

उरली शेवटची रात्र, 13 डिसेंबर. आमच्याकडे घड्याळात दीड, दुसरा दिवस लागलेला. थंडी होती. दादांच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही दोघं, एका मोबाइलवर न्यूकॅसल-मिलान, दुसऱ्यावर डॉर्टमुंड-पॅरिस. सुरुवातीला गुण असे: डॉर्टमुंड 10, पॅरिस 7, न्यूकॅसल आणि मिलान 5-5. तेहतिसाव्या मिनिटाला जोएलिंतोननं न्यूकॅसलला पुढं नेलं. न्यूकॅसल 8, पॅरिस 8. गुण सारखे झाले की तेव्हा आधी आपसातले सामने बघत, आणि तिथं 4-1 चं पारडं जड. न्यूकॅसल दुसरं. मी मोबाइल खाली ठेवून पट्टी उचलली. डॉर्टमुंड, न्यूकॅसल, पॅरिस, मिलान. चारही ओळी जागेवर.

दादा बघत होते पण बोलले नाहीत. मध्यंतरात थर्मासमधला चहा ओतला. एक्कावन्नाव्या मिनिटाला अदेयेमीनं डॉर्टमुंडला आघाडी दिली, पॅरिस गुणांत आणखी मागे. छप्पन्नाव्याला सतरा वर्षांच्या झाएर-एमरीनं बरोबरी केली, तरी क्रम तोच. मग एकोणसाठाव्याला पुलिसिकनं मिलानसाठी गोल केला आणि न्यूकॅसल घसरलं. चौऱ्याऐंशीव्याला चुकवेझेनं दुसरा गोल मारला आणि सव्वीस मिनिटं दुसरं असलेलं न्यूकॅसल थेट तळाला गेलं, 5 गुणांवर. मिलान 8 गुणांनी तिसरं, युरोपा लीगला. पॅरिसचेही 8, पण आपसातल्या गोलांवर दुसरं. गंमत अशी की तळाच्या न्यूकॅसलचा गोलफरक उणे एक आणि त्याच्या वरच्या मिलानचा उणे तीन.

सव्वातीन-साडेतीन वाजले होते. खाली मोसंबीचे पहिले टेम्पो लागायला अजून अवकाश होता. दादांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, पेन्सिल जिभेला लावली आणि चार ओळींच्या खाली, जिथं मला ‘अंतिम’ अपेक्षित होतं, तिथं लिहिलं: ‘2.03 ते 2.46’. मग चष्मा पुसत म्हणाले, “खालचं शटर जरा धर, गंजलंय.”